तेल्या यायच्या आधी डाळिंबाचं झाड जागं कसं करायचं

मागच्या हस्त बहाराच्या वेळी (पावसाळा सरताना झाड फुलावर आणून धरतात तो हंगाम) आण्णांचा फोन आला. आण्णा म्हणजे माझे चुलते, आटपाडी तालुक्यात अडीच एकर भगवा जातीचं डाळिंब आहे त्यांचं. म्हणाले, "अगं पोरी, तू झाडाच्या रोगाचं शिकलीस न्हवं, मग मला येवढंच सांग, पानाला काय डोळं हायत व्हय, ह्यो तेल्याचा बॅक्टेरिया आपल्या अंगावर आलाय हे त्याला कळतंय कसं? आन कळत आसंल तर गप का बसतंय?"

एमएस्सीला असताना दोन वर्षं मी हेच शिकले, पण इतका सरळ प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नव्हता. त्यांना फोनवर जे सांगितलं आणि नंतर बागेत बसून आम्ही जे ठरवलं ते इथं सविस्तर लिहितेय, कारण आपल्याकडं तेल्या, म्हणजे डाळिंबाच्या पानाफळांवर तेलकट डाग पाडणारा बॅक्टेरियाचा रोग, म्हटलं की डाग दिसल्यावर दुकानात पळायचं आणि जे हातात देतील ते मारायचं असंच चालतं, आणि झाडाची स्वतःची राखण नावाची काही गोष्ट असते हे हिशोबातच नसतं.

आधी कळतं कसं ते बघू, म्हणजे पुढं कधी काय मारायचं ते आपोआप समजेल.

झाडाला आपल्यासारखं रक्त नाही, रोगाच्या जागी पळत जाणाऱ्या पांढऱ्या पेशी नाहीत. त्यामुळं प्रत्येक पेशीला स्वतःची राखण स्वतःच करावी लागते. पेशीच्या बाहेरच्या आवरणावर काही प्रोटीन बसवलेली असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात, त्यांचं अर्धं अंग बाहेर आणि अर्धं आत. बाहेरची बाजू चाचपत बसलेली असते. काय चाचपते? अख्खा बॅक्टेरिया नाही, त्याचे तुकडे. बॅक्टेरियाला पोहायला एक बारीक शेपटी असते, ती ज्या प्रोटीनची असते त्याला फ्लॅजेलिन म्हणतात, आणि त्यातला फक्त २२ अमिनो अ‍ॅसिडचा एक तुकडा झाडाला पुरतो. त्या तुकड्याचं नाव एफएलजी-२२. १९९० च्या दशकाच्या शेवटी टोमॅटोच्या पेशींवर हे दाखवलं गेलं, आणि इतक्या कमी प्रमाणात की लिटरभर पाण्यात नॅनोग्रॅम-मायक्रोग्रॅमच्या घरात तो तुकडा असला तरी पेशी चाळवतात. तो ओळखणारा रिसेप्टर २००० साली स्वित्झर्लंडमधल्या बासेलला सापडला, अ‍ॅराबिडॉप्सिस नावाच्या मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या रोपात. त्याचं नाव एफएलएस-२. नंतर बहुतेक सगळ्या फुलझाडांत त्याची भावंडं सापडत गेली.

शेपटीच का, तर ती बॅक्टेरियाला सहजासहजी टाकून देता येत नाही. पानावरच्या पाण्याच्या थेंबातून पोहत पर्णरंध्रापर्यंत, म्हणजे पानावरच्या बारीक छिद्रापर्यंत, जायचं तर शेपटी पाहिजेच. झाडानं अशीच वस्तू हेरून ठेवलीय जी टाकली तर चोराचंच नुकसान. मला हे पहिल्यांदा समजलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती, खरंच सांगते, इतकं सुंदर आहे ते.

शेपटीशिवाय अजूनही खुणा आहेत. बॅक्टेरियाच्या भिंतीतले तुकडे, त्यांच्या थंडीत तयार होणाऱ्या एका प्रोटीनचा तुकडा (हा टोमॅटो-मिरचीच्या कुळाला ओळखता येतो), प्रोटीन बनवायच्या मशिनीतला एक भाग. हा शेवटचा फक्त मोहरीच्या कुळालाच कळतो. त्याचा रिसेप्टर २००६ मध्ये सापडला आणि २०१० मध्ये तो टोमॅटोत घालून बघितला, तर ज्या टोमॅटोला ती खूण आधी कळतच नव्हती तो मर रोगाच्या बॅक्टेरियासमोर बराच टिकून राहिला. म्हणजे पुढचं सगळं सैन्य टोमॅटोकडं होतंच, फक्त वर्दी देणारा नव्हता. डाळिंबात नेमके कुठले रिसेप्टर तेल्याला ओळखतात यात मी इथं शिरत नाही, पण यंत्रणेचा साचा फुलझाडांत सारखाच आहे आणि बागेतल्या कामाला तेवढं पुरतं.

आता वेळ बघा, कारण सगळा खेळ वेळेचा आहे. तुकडा रिसेप्टरला चिकटला की मिनिट-दोन मिनिटांत बाहेरचं कॅल्शियम पेशीच्या आत शिरतं. पाच-दहा मिनिटांत हायड्रोजन पेरॉक्साईडसारख्या तिखट गोष्टी पेशीबाहेर सुटतात. जखमेवर टाकल्यावर फेस येतो तेच औषध, झाड ते स्वतः बनवतं. तासाभरात पर्णरंध्रं मिटायला लागतात, म्हणजे दारं बंद. काही तासांनी पेशीच्या भिंतीवर आतून कॅलोज नावाच्या पदार्थाचं लिंपण बसतं, आणि मग सॅलिसिलिक अ‍ॅसिड वाढतं, जे दुसऱ्या पानांपर्यंत बातमी पोचवायच्या कामात असतं. एका पानाला त्रास झाला की लांबची पानंही तयारीला लागतात हे १९६१ मध्येच तंबाखूवर दाखवलं होतं, त्याला पूर्ण झाडात यायला काही दिवस जातात.

आण्णा इथं मध्येच म्हणाले, "मग येवढं सगळं हाय तर तेल्या येतोयच कसा?"

येतो, कारण तो बॅक्टेरिया पण कैक पिढ्या झाडाबरोबरच राहत आलाय. तेल्याचा बॅक्टेरिया झँथोमोनास जातीचा. आईस्क्रीम आणि सॉस घट्ट करायला जो झँथन गम वापरतात ना तो याच्याच भावकीतल्या बॅक्टेरियाकडून मिळतो. हा डिंक बाहेरचं कॅल्शियम धरून ठेवतो आणि कॅल्शियम आत गेलं नाही की पेशीची घंटीच वाजत नाही. २००८ साली हे दाखवलं गेलं. त्याच्या पुढं त्याच्याकडं इंजेक्शनच्या सुईसारखी एक नळी असते, तिच्यातून तो स्वतःची प्रोटीन थेट पेशीत टोचतो आणि आतल्या वायरी कापतो. काही झँथोमोनासची प्रोटीन तर पेशीच्या केंद्रकात जाऊन झाडाचेच जीन स्वतःच्या फायद्यासाठी चालू करतात. एकदा हे टोचून झालं की मग झाडाला जागं करून फार उपयोग नाही, घंटीची वायरच तुटलेली असते.

म्हणून सगळ्यात महत्त्वाचं हेच, झाडाला जागं करायचं, म्हणजे त्याची ही राखण आपण बाहेरून चालू करायची, ते तेल्या यायच्या आधी. डाग दिसल्यावर मारलेलं सॅलिसिलिक अ‍ॅसिड डाग भरून काढत नाही. आमच्या घरात पूर्वी एका बहाराला डाग दिसल्यावर एका दुकानदारानं झाडाची ताकद वाढवणारं म्हणून महागाची बाटली दिली, ती बॅक्टेरिया मारणाऱ्या अँटिबायोटिकबरोबर एकाच टाकीत मारली आणि आठ दिवसांनी फळावर एलच्या आकाराच्या भेगा पडायला लागल्या. त्या बहाराचे पैसे गेले ते गेलेच. बाटलीत काय होतं हा मुद्दाच नाही, वेळ चुकली होती.

बागेत नक्की काय करायचं ते आता सांगते

आधी खात्री करा की तेल्याच आहे. काळा ठिपका दिसला की सगळे तेल्या म्हणतात, पण सर्कोस्पोरा सारखी बुरशीपण काळे ठिपके पाडते आणि तिचं औषध वेगळं. पान उन्हाकडं धरून बघा, तेल्याचा ताजा डाग तेल सांडल्यासारखा आरपार दिसतो, कडेला पिवळसर वलय असतं. ते तेल नसतं बरं का, पाणी असतं. पेशींच्या मधल्या हवेच्या जागेत बॅक्टेरिया पाणी भरायला लावतो, कारण पाणी असलं तरच तो वाढतो. जवळ कॉलेज असेल तर मायक्रोस्कोपखाली बघून घ्या: ताज्या डागाच्या कडेचा अगदी छोटा तुकडा ब्लेडनं कापायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात ठेवायचा, वर झाकणाची काच ठेवून दोन-चार मिनिटं थांबायचं. बॅक्टेरिया असेल तर कापलेल्या कडेतून धुरासारखा ढग बाहेर येताना दिसतो. मी आण्णांना विट्याच्या एका ओळखीच्या सरांकडं नेऊन हे दाखवलं, ते दहा मिनिटं त्या भिंगाला डोळा लावून बसले आणि येताना गाडीत एक शब्द बोलले नाहीत.

पुढचं काम म्हणजे बॅक्टेरियाची संख्या कमी ठेवणं. झाडाची ही पहिली राखण थोडे आले तर परतवते, लाखोंनी आले तर मोडते. त्यामुळं गळलेली पानं, छाटलेल्या काड्या, डागाळलेली फळं बागेत पडू द्यायची नाहीत, वेचून बाहेर नेऊन जाळायची. कंपोस्टच्या खड्ड्यात नको. कात्री एका झाडावरून दुसऱ्यावर नेताना सोडियम हायपोक्लोराईटच्या पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये बुडवायची, मजूर कंटाळतात पण दोन कात्र्या दिल्या, एक हातात एक बादलीत, की काम अडत नाही. छाटणी झाल्यावर १ टक्का बोर्डो मारायचा: १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), १ किलो चुना, १०० लिटर पाणी, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या भांड्यात भिजवून. स्वच्छ लोखंडी विळा मिश्रणात थोडा वेळ बुडवून बघा, त्याच्यावर तांबूस थर बसला तर चुना कमी पडलाय. बोर्डोत दुसरं काहीही मिसळायचं नाही, सॅलिसिलिक तर अजिबात नाही. दोन फवाऱ्यांत मधे दिवस जाऊ द्या.

आता जागं करायचं ते. डाळिंबात सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं प्रमाण लिटरला ०.३ ग्रॅम धरतात, म्हणजे पंधरा लिटरच्या पंपाला ४.५ ग्रॅम आणि २०० लिटरच्या टाकीला ६० ग्रॅम. बहार धरायच्या साधारण महिनाभर आधी पहिला फवारा, मग महिन्या-महिन्याच्या अंतरानं पुढचे, असे चार. ही पावडर गार पाण्यात विरघळत नाही, वर तरंगत राहते आणि नोझल तुंबवते, म्हणून आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून मग हळूहळू टाकीत ओतायची आणि काठीनं ढवळत राहायचं. स्पिरिट आहे, जवळ बिडी-काडी नको. पावडर डोळ्याला आणि घशाला झोंबते, तोंडाला रुमाल बांधूनच उघडा. वजनकाटा पाहिजेच, चमच्यानं अंदाजे टाकू नका, जास्त झालं तर पानाच्या कडा करपतात.

अ‍ॅस्पिरिनची गोळी टाकू का असं मला तिघांनी विचारलं. विचार बरोबर आहे, १९७९ मध्ये तंबाखूच्या पानावर अ‍ॅस्पिरिन देऊनच दाखवलं होतं की त्यानं मोझॅक व्हायरसला झाड जास्त टिकतं, पण बागेला शुद्ध सॅलिसिलिक अ‍ॅसिड कितीतरी स्वस्त पडतं आणि मोजायला सोपं.

कायटोसान पण मिळतं बाजारात, ते खेकडा-झिंग्याच्या कवचापासून बनतं. कायटिन म्हणजे बुरशीच्या भिंतीतला पदार्थ, तो झाडाला बुरशी आल्याची खूण वाटते आणि कायटोसान त्याचाच जवळचा नातेवाईक, त्यामुळं ते मारलं की झाड तयारीला लागतं. मुळात ही बुरशीची घंटी असली तरी आतली यंत्रणा बरीचशी सामाईक आहे. ज्यांना खर्च परवडतो त्यांनी दोन सॅलिसिलिकच्या मधे एक फवारा लेबलवरच्या मात्रेनं घ्यावा, माझं मत विचाराल तर आधी वेचणी आणि छाटणी नीट करा, मग याचा विचार करा.

मुळाकडून जागं करायचा रस्ता मला जास्त आवडतो. स्यूडोमोनास फ्लुरोसन्स किंवा बॅसिलस सबटिलिस हे चांगले बॅक्टेरिया चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलावा ठेवून, सावलीत आठ-दहा दिवस वाढू द्यायचे आणि मग मुळांच्या कक्षेत टाकायचे. ते मुळाशी राहतात आणि झाडाला सौम्यपणे सावध ठेवतात, म्हणजे झाड सतत लढत नसतं पण हल्ला झाला की जास्त लवकर आणि जास्त जोरात उत्तर देतं. शास्त्रात याला प्रायमिंग म्हणतात. लक्षात ठेवा हे जिवंत आहेत, त्यांच्यावर अँटिबायोटिक किंवा तांबं ओतलं तर तेही मरतात, त्यामुळं एका टाकीत कधीच नाही आणि जमिनीत सोडल्यावर लगेच बोर्डोचं पाणी बुंध्याशी जाऊ देऊ नका.

इथं एक गोष्ट सांगायलाच पाहिजे, जास्त म्हणजे चांगलं असं या कामात नाही. प्रयोगशाळेत छोट्या रोपांना एफएलजी-२२ सतत दिलं तर ती खुरटतात, कारण लढायला लागणारी ताकद वाढीतून काढावी लागते. दर आठवड्याला जागं करणारं काहीतरी मारत बसलात तर फळाची साईज हलकी राहील. कॅल्शियमबद्दल पण तेच. बॅक्टेरिया कॅल्शियम पळवतो म्हणून भरमसाठ कॅल्शियम फवारलं की तेल्या थांबेल असं कुणी सांगत असेल तर इतकं सरळ नाही ते. माती परीक्षणात कमी असेल तर जरूर द्या, भिंती मजबूत होतात, पण ते औषध समजू नका.

पाणी आणि हवा यावर लोक सगळ्यात कमी लक्ष देतात आणि माझ्या मते अर्धी लढाई तिथंच आहे. वर म्हटलं तसं बॅक्टेरियाला पेशींच्या मधे पाणी भरून पाहिजे असतं, आणि हवेत दमटपणा जास्त असला की ते पाणी टिकतं, झाड जागं असलं तरी. आपला माणदेश कोरडा, म्हणूनच इथं डाळिंब रुजलं. आता टेंभू सिंचन योजनेचं पाणी आलंय ही मोठी गोष्ट आहे, पण पाणी आलं म्हणून बागेत पाटानं सोडायचं असं नाही, ठिबकच ठेवा, दोन ओळींतलं गवत वाढू देऊ नका, झाडाच्या मध्यभागी ऊन पडेल इतकी मोकळी छाटणी ठेवा. लागण करताना ४.५ बाय ३ मीटरपेक्षा दाट जाऊ नका, एकरी झाडं जास्त बसवायच्या नादात पानं संध्याकाळपर्यंत ओली राहतात. पावसाळ्यात फवारा सकाळी घ्या म्हणजे दिवसभरात पान सुकतं.

उन्हाचंही एक आहे. अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये २०२२ साली नीट दाखवलं गेलंय की तापमान २८ डिग्रीच्या वर गेलं की सॅलिसिलिक अ‍ॅसिड बनवायची यंत्रणाच ढिली पडते. ते थंड हवेतलं रोप, डाळिंबाचा आकडा तोच असेल असं नाही, पण उष्ण आणि दमट असे दोन्ही एकत्र आले की तेल्या का भडकतो याचा एक धागा तिथं आहे. म्हणून ज्या बागेत दरवर्षी तेल्या येतो तिथं मृग बहाराचा (पावसाळ्याच्या तोंडावर धरतात त्याचा) हट्ट सोडून हस्त बहार धरलेला बरा. भाव थोडा इकडं-तिकडं होईल पण कळी आणि फळ धरायच्या वेळी पावसाचे शिंतोडे कमी मिळतात. रोपं आणताना पण बघा, डाग असलेल्या बागेतली गुटी (फांदीलाच मुळं फोडून केलेलं रोप) म्हणजे घरात स्वतः आणलेला तेल्या.

हे सगळं काम करतंय का ते कसं ओळखायचं

दुसऱ्याच्या बागेवरून नाही, स्वतःच्या. एक ओळ, आठ-दहा झाडं, सॅलिसिलिकशिवाय ठेवायची, बाकी सगळं तिलाही सारखं: वेचणी, बोर्डो, खत, पाणी. आण्णांना हे अजिबात पटत नव्हतं, "आपल्याच झाडाला आपुन उपाशी ठेवायचं व्हय" म्हणाले. मग मी सांगितलं की ती ओळ कडेची नको, मधली घ्या, आणि फवारताना तिच्या दोन्ही बाजूची एकेक ओळ मोजणीत धरू नका कारण तिथं तुषार उडतात. दोन्ही भागातल्या पाच-पाच झाडांना रिबीन बांधायची, प्रत्येक झाडाच्या चारी दिशांना एकेक फांदी, त्या फांदीवरची किती पानं आणि त्यातली किती डागाची, दर रविवारी वहीत लिहायचं. पाऊस झाला त्या दिवशी बाजूला पावसाची खूण. मोजणारा माणूस एकच पाहिजे, नाहीतर एकाचा डाग दुसऱ्याला दिसत नाही.

फरक पहिल्या बहारात डोळ्यात भरेलच असं नाही. झाड जागं झालं तर डाग शून्य होत नाहीत, उशिरा येतात, लहान राहतात, एका पानावरून दुसऱ्यावर जायला वेळ घेतात, आणि तेवढ्या वेळात तुम्हाला डागाळलेली पानं तोडून बाहेर काढता येतात. म्हणून फक्त किती ते नाही, पहिला डाग कुठल्या तारखेला दिसला तेही लिहा.

आणि समजा डाग आलेच, तर त्या वेळी जागं करायचे फवारे थांबवा. डागाची पानं-फळं तोडून पिशवीत घालून बाहेर न्या, ओल्या पानात बागेत फिरू नका, कपड्यांना आणि हाताला लागून तोच बॅक्टेरिया पुढच्या ओळीत जातो. मारायचं औषध कृषी विज्ञान केंद्रातल्या किंवा सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राच्या त्या हंगामातल्या सल्ल्याप्रमाणं घ्या, तेही एकटं, भेसळ न करता. पुढच्या बहाराच्या महिनाभर आधी परत पहिल्यापासून.

आण्णांच्या वहीत आता सात रविवार झालेत. न फवारलेल्या ओळीत पहिला डाग ज्या दिवशी दिसला त्या दिवशी त्यांनी रात्री साडेनऊला फोन केला आणि आधी तारीख सांगितली, मग फांदी कुठल्या दिशेची ते, आणि मग विचारलं की त्या पानानं शेजारच्या पानाला सांगितलं आसंल का आत्तापर्यंत.